‘सर, आज बरं वाटत नाहीये’

‘सर, रात्रीपासून ताप आहे, अंग दुखतंय. आज येऊ शकणार नाही. सॉरी.’ शेवटी हात जोडलेला इमोजी.

हा मेसेज तुम्ही कॉलेजात एकदा तरी पाठवला असेल. नसेल, तर नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षभरात पाठवाल. फोन कुणी करत नाही, कारण आवाजावरून ओळखतात. मेसेज जातो तो ऑफिस सुरू व्हायच्या जरा आधी, म्हणजे समोरच्याला उलट प्रश्न विचारायला वेळ मिळत नाही. मग दिवसभर स्टेटस टाकायचं नाही आणि कुणी आपल्याला फोटोत टॅग केलं तर त्याला शिव्या घालायच्या. हे शास्त्र आपल्याला कुणी वर्गात शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं.

खरं म्हणजे पहिला धडा वर्गातच मिळतो. शाळेत मराठीच्या पेपरला पत्रलेखनात ‘रजेचा अर्ज’ यायचा. ठणठणीत असलेली चाळीस पोरं एकाच वेळी लिहायची, ‘मला काल रात्रीपासून ताप आल्यामुळे मी शाळेत येऊ शकत नाही.’ पूर्ण मार्क. ‘शेतात सोयाबीन काढायचं आहे’ किंवा ‘आज मन लागत नाही’ असं कारण त्या अर्जात कुणी लिहिल्याचं आठवतंय का? मोठ्या माणसाकडून सुट्टी पाहिजे असेल तर आजारी पडावं लागतं, हे आपण तिथेच शिकलो.

आजारपणाची रजा म्हटलं की चर्चा नेहमी एकाच ठिकाणी जाते. कोण खोटं बोलतं, कामचुकार कोण, आजकालच्या पोरांना काम नको. आमचं म्हणणं वेगळं आहे. लोक खोटे आजारी का पडतात हे विचारायचंच असेल, तर सोबत हेही विचारू की खऱ्या कारणाला रजा कुठे मिळते? आणि खरोखर आजारी असून ज्यांना हा मेसेज पाठवताच येत नाही, ती माणसं कोण?

कॅलेंडर बघून येणारा ताप

आपल्या भागात ताप कधी येतो, याचं एक वेळापत्रक आहे. जूनमध्ये पाऊस पडला की पेरणीचा ताप. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला आलं, मजूर मिळेना आणि आभाळ भरून आलं की चाकण-रांजणगावच्या कंपनीत कामाला असलेल्या पोराला गावाकडून फोन येतो. दुसऱ्या दिवशी त्याची पाठ धरते. उन्हाळ्यात लग्नसराईचा ताप. पोलीस भरतीचं मैदान असेल, एमपीएससीचा पेपर असेल किंवा दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू असेल, तेव्हा तर हमखास पोट बिघडतं.

डिसेंबरच्या तापाचं कारण कायद्यातच आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगाराला वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते. त्या वर्षात ती घेतली नाही तर बुडते. आजारपणासाठी या कायद्यात वेगळा कप्पा नाही. किरकोळ रजा म्हणजे तीच. मग वर्ष संपत आलं आणि तीन रजा शिल्लक दिसल्या की माणूस हिशेब करतोच. ती रजा त्याच्या हक्काची असते. पण ‘रजा बुडतेय म्हणून घेतोय’ असं म्हटलं तर साहेबाचा चेहरा बदलतो. ‘ताप आहे’ म्हटलं तर बदलत नाही.

याच दिवसांतलं आपलं घरचं उदाहरण म्हणजे येळवस. वेळ अमावस्येला लातूर शहर अक्षरशः रिकामं होतं. गंजगोलाईतली दुकानं बंद, रस्ते मोकळे आणि सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, माठातलं आंबील. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावतंच. या दिवशी लातूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. त्यामुळे इथल्या सरकारी कर्मचाऱ्याला येळवशीला आजारी पडायची गरज नसते. तो सरळ शेतात जातो, फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतोही.

आता तोच लातूरकर पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे असं समजा. टीम लीडला येळवस काय असते, ती चुकवली तर आजी महिनाभर का बोलत नाही, हे समजावून सांगायचं की ‘फूड पॉयझनिंग’ लिहून मोकळं व्हायचं? माणूस तोच आणि सण तोच. एका ठिकाणी त्याच्या कारणाला नाव आहे, म्हणून तो खरं बोलतो. दुसरीकडे नाव नाही, म्हणून त्याचं पोट बिघडतं.

सगळं खोटं नसतं

‘बरं वाटत नाहीये’ या तीन शब्दांखाली काय काय लपलेलं असतं, तेही बघू.

मुलींना हे सांगायची गरज नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी पोटात कळा येत असताना ‘डोकं दुखतंय’ असं लिहावं लागतं, कारण साहेब पुरुष आहेत आणि खरं कारण लिहायची लाज वाटते. लाज वाटू नये, हे सांगणं सोपं आहे. बिहार सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला २ दिवस अशी रजा १९९२ पासून दिलीय. केरळात २०२३ मध्ये विद्यापीठांतल्या मुलींना हजेरीत यासाठी सवलत मिळाली. अशी रजा दिली तर कंपन्या मुलींना नोकरी द्यायला कचरतील, असाही एक मुद्दा मांडला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण सध्या जे चाललंय, म्हणजे दुखतं एकीकडे आणि सांगायचं दुसरंच, त्यात तरी कुणाचं भलं आहे?

दुसरं कारण मनाचं. झोप लागत नाही, सकाळी उठून तोंड धुवायचीही इच्छा होत नाही, बसमध्ये बसल्यावर छाती धडधडते. याला मेसेजमध्ये काय लिहायचं? व्हायरल फिव्हरच लिहितात. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक मिळाली पाहिजे असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. पण तो उपचारांबद्दल बोलतो. साहेबाच्या व्हॉट्सअॅपपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

तिसरं कारण दुसऱ्याचं आजारपण. लेकराला ताप, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, वडील नांदेडच्या दवाखान्यात अॅडमिट. घरात कुणीही आजारी पडलं तरी रजा टाकते बाई, आणि ती जाते तिच्या स्वतःच्या खात्यातून. मग ती खरंच आजारी पडते तेव्हा खातं रिकामं असतं. ती अंगात ताप घेऊन कामावर येते. आपल्या आईला, मावशीला, शाळेतल्या बाईंना हे करताना आपण पाहिलेलं आहे. त्याला आपण ‘किती कष्टाळू आहे’ म्हणतो.

ज्यांना मेसेज पाठवायची सोय नाही

आता हिशेबाची दुसरी बाजू. रजेच्या बाबतीत सगळे कामगार सारखे नसतात.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा खात्यावर जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्र दिलं की दोन अर्धवेतनी दिवसांच्या बदल्यात एक दिवस पूर्ण पगाराची परिवर्तित रजा घेता येते. अर्जित आणि किरकोळ रजा वेगळ्या. गावाकडं आई-बाप सरकारी नोकरीसाठी देव पाण्यात घालून बसतात, त्यामागे पगाराइतकंच हेही कारण आहे. सरकारी नोकरीत माणूस आजारी पडला तरी नोकरी जात नाही.

ज्यांचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचं आस्थापन ईएसआय योजनेत येतं, त्यांना आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. पहिल्या दोन दिवसांचे मात्र सहसा काहीच मिळत नाही. म्हणजे दोन दिवसांच्या तापाची कदर तिथेही नाही.

त्याखालच्या पायरीवर वजिराबादच्या किंवा गंजगोलाईच्या एखाद्या दुकानात काम करणारा पोरगा आहे. रजेच्या तरतुदींसह वर सांगितलेला आस्थापना कायदा २०१७ साली १० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी केला गेला. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडच्या कापड दुकानात, मोबाइल शॉपीत, मेडिकलमध्ये, हॉटेलात किती कामगार असतात? चार, पाच, फार तर आठ. तिथे रजा म्हणजे मालकाची मर्जी. मालक चांगला असेल तर ‘जा, आराम कर’ म्हणतो, नसेल तर दिवसाची हजेरी कापतो. तुमच्यापैकी कितीतरी जण कॉलेज करून संध्याकाळी अशाच दुकानात काउंटरवर उभे असतात. तुम्हाला हे नव्याने सांगायची गरज नाही.

डिलिव्हरीच्या कामात तर कळवायला साहेबही नाही. आजारी पडलं की अॅप बंद ठेवायचं. ऑर्डर नाही तर पैसा नाही. हप्ता मात्र चालू.

आणि सगळ्यात शेवटी ऊसतोड. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून आणि आपल्या मुखेड-कंधारच्या डोंगरी भागातूनही माणसं कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांपैकी एक जरी बसला तरी खाडा, आणि खाड्याला दंड. दिवसाला ५०० रुपये आणि त्याहून जास्त दंडाच्या बातम्या आलेल्या आहेत. पाळी असो, ताप असो, बाळंतपण जवळ आलेलं असो, पहाटे उसाच्या फडात उभं राहावंच लागतं. राहायला पाचटाची खोप, संडास नाही, पाणी लांब.

२०१९ मध्ये बीडमधली एक गोष्ट देशभर गाजली. ऊस तोडणाऱ्या बायका तीस-पस्तिशीतच गर्भाशय काढून घेत होत्या. पाळी नको, दुखणं नको, खाडा नको. खासगी दवाखान्यांत कॅन्सरची भीती घातली जायची, तीही एक बाजू होती. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सहा जणींमागे एक. त्यानंतर अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची सक्ती झाली.

महिन्यातून दोन-तीन दिवस ‘आज बरं वाटत नाहीये’ म्हणायची सोय नव्हती, म्हणून बायकांनी शरीराचा भाग काढून टाकला. आजारपणाच्या रजेवर विनोद करताना हा आकडा डोक्यात असू द्या.

ताप उतरत नाही, तक्रार असते

कधी कधी शेकडो लोक एकाच दिवशी आजारी पडतात. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या शेकडो केबिन क्रूने एकाच वेळी सिक लीव्ह टाकली आणि डझनावारी विमानं रद्द झाली. कंपनीने २५ जणांना काढलं. मग कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली आणि त्यांना परत घेतलं गेलं. त्याआधी जुलै २०२२ मध्ये एका शनिवारी इंडिगोची अर्ध्याहून जास्त देशांतर्गत विमानं उशिरा उडाली. क्रूमधले बरेच जण ‘आजारी’ होते आणि त्याच दिवशी एअर इंडियाची भरती होती.

आपल्याकडच्या शिक्षकांनी हेच उघडपणे केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून जिल्हाधिकारी कार्यालयांवर मोर्चे काढले. त्यांना ताप आलेला नव्हता, मागण्या होत्या आणि त्या त्यांनी फलकावर लिहिल्या. हे त्यांना जमलं, कारण पाठीशी संघटना होती. जिथे संघटना नाही आणि तक्रार ऐकायला कुणी नाही, तिथे तक्रार तापाच्या रूपाने बाहेर पडते.

आपलं ‘मेडिकल’

आता आपल्याकडे वळू. सेमिस्टर संपत आलं की नोटीस बोर्डावर डिफॉल्टरची यादी लागते आणि सगळं कॉलेज अचानक आजारी पडतं. ओळखीचा डॉक्टर शोधला जातो. मागच्या तारखेचा कावीळ किंवा टायफॉइड लिहून घेतला जातो. याला आपण ‘मेडिकल लावणं’ म्हणतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

वावगं आहे. खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टरचं नाव वैद्यकीय नोंदणीतून कमी होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेत खोटा दाखला देणं हा गुन्हा आहे, आणि तो खोटा आहे हे माहीत असून वापरणं हाही. पण कायद्यापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. वर्गातल्या एखाद्या पोराला खरंच डेंग्यू झालेला असतो. दहा दिवस दवाखान्यात, प्लेटलेट खाली, घरी पैशाची ओढाताण. तो फाइल घेऊन ऑफिसात जातो, तेव्हा क्लार्क त्याच्याकडे बघून हसतो. ‘हो का? तुला पण टायफॉइड का?’ आपल्या पन्नास खोट्या कागदांची किंमत त्याने मोजलेली असते.

यातली गंमत अशी की हजेरीची अट ७५ टक्के आहे. उरलेले २५ टक्के कशासाठी आहेत? तापासाठी, पेरणीसाठी, येळवशीसाठी, घरच्या लग्नासाठीच. ते आपण कट्ट्यावर उडवतो आणि नंतर दाखला शोधत फिरतो.

लातूरच्या क्लासेसमध्ये नेमकं उलटं चित्र दिसतं. नीटची तयारी करणारी पोरं १०१ ताप असला तरी टेस्ट बुडवत नाहीत. एक टेस्ट गेली की रँक गेला, ही भीती असते. गैरहजर राहिलं की घरी मेसेज जातो आणि गावाकडं बापाचा जीव खालीवर होतो. मग एकाचा खोकला शंभर जणांच्या हॉलमध्ये फिरतो, तिथून हॉस्टेलच्या खोल्यांत. उद्या हीच पोरं डॉक्टर होणार आहेत. स्वतः आजारी असताना झोपून राहायची परवानगी ज्यांना कधी मिळाली नाही, ती मजुराला ‘आठ दिवस आराम करा’ असं कोणत्या तोंडाने सांगतील?

मग करायचं काय?

ब्रिटनमध्ये पहिल्या सात दिवसांच्या आजारपणासाठी डॉक्टरचा दाखला लागत नाही. ‘मी आजारी होतो’ असं स्वतः लिहून दिलं की झालं. जर्मनीत साधारणपणे तीन दिवसांपेक्षा जास्त आजारपण असेल तरच दाखला लागतो आणि सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो. तिथेही खोटं बोलणारे असतीलच. तरी ते दोन्ही देश आधी विश्वास ठेवून बघतात.

आपल्या कॉलेजांनी एवढं तरी करावं. सेमिस्टरला चार-पाच दिवस विनाकारण रजा द्यावी. नाव आणि तारीख लिहायची, कारण विचारायचं नाही. डॉक्टरचा कागद फक्त मोठ्या आजारपणाला मागावा. दाखल्यांचा बाजार यानेच निम्मा बसेल आणि मुलींना ‘डोकं दुखतंय’ लिहावं लागणार नाही. लातूरच्या क्लासवाल्यांनी बुडालेली टेस्ट पुन्हा द्यायची सोय करावी. सरकारने आस्थापना कायद्याची मर्यादा वर नेण्याऐवजी खाली आणावी, म्हणजे चार कामगारांच्या दुकानातल्या पोरालाही आठ दिवस मिळतील. आणि खाड्याचा दंड बंद झाला पाहिजे. आजारी बाईकडून दंड घेणं हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आपल्या हातातही काही आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत आपण पुण्या-मुंबईला, हैदराबादला नोकरीला जाणार. इंटरव्ह्यूत पगार विचारतो तसं हेही विचारा: वर्षाला रजा किती? आजारी पडलो तर दाखला कितव्या दिवसापासून? न घेतलेली रजा पुढे जाते की बुडते? पहिल्या पगाराच्या पावतीवर ईएसआयसीची ओळ आहे का बघा. असेल तर तुमच्या मजुरीतले ०.७५ टक्के त्यासाठी कापले जातायत, म्हणजे तो तुमचा हक्क आहे.

हे विचारायला लाजू नका. जुलै २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट नोकरीला लागल्यावर चार महिन्यांनी गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र नंतर सगळीकडे वाचलं गेलं. छातीत त्रास होत होता म्हणून आई-वडिलांनी तिला डॉक्टरकडे नेलं, पण काम खूप आहे, रजा मिळणार नाही, असं सांगून ती तिथून पुन्हा कामावर गेली, असं आईने त्यात लिहिलं होतं. मृत्यूचं कारण कामाचा ताण होतं, हे कंपनीने मान्य केलं नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी दवाखान्यातून थेट ऑफिसात जाणारी पोरगी आपल्या ओळखीची वाटते.

आणि एक शेवटचं. काही वर्षांनी आपल्यातलेच काही जण टीम लीड होतील, दुकानाचे मालक होतील, एचओडी होतील. सकाळी साडेआठला मोबाइल वाजेल. ‘सर, आज बरं वाटत नाहीये.’ त्या वेळी ‘काय झालं? दाखला आण’ असं टाइप करायच्या आधी थांबा. ‘ठीक आहे, काळजी घे’ एवढं लिहायला दोन सेकंद लागतात.